आग रामेश्वरी, रेडिएटर सोमेश्वरी

जुलै २०२३. दुपारचे तीन. सॅक्रामेंटोहून डोंगराकडे चढत जाणाऱ्या आय-८० वर, कोलफॅक्सच्या थोडं अलीकडे, रस्त्याच्या कडेला माझा १९५१ चा फोर्ड एफ-१ पिकअप बॉनेट उघडून उभा आणि मी त्याच्या सावलीत. बाहेर ३९ डिग्री. ओव्हरफ्लोच्या नळीतून उकळत्या पाण्याची धार, वर वाफेचा ढग. लहानपणी खंबाटकीच्या घाटात बघायचो ते हुबेहूब दृश्य, फक्त चाकाखाली दगड लावायला क्लीनर नव्हता.

अर्ध्या तासात तीन जण थांबले. (इथे जुनी गाडी बंद पडली की लोक थांबतात. माझी होंडा बंद पडली होती तेव्हा कुत्रंही थांबलं नव्हतं.) पहिला म्हणाला, रेडिएटर बदल. दुसरा म्हणाला, थर्मोस्टॅट काढून फेकून दे. तिसऱ्याने बॉनेटखाली नुसतं डोकावून पाहिलं आणि मान हलवली. "फ्लॅटहेड ना? ते तापणारच. त्यात शेव्हरोलेचं ३५० टाक आणि विषय संपव."

तिघांत मिळून एकानेही एकही प्रश्न विचारला नाही. कधी तापतो? उभा असताना की पळताना? किती वेळाने? दोन्ही बाजू तापतात की एकच? काही नाही. निदान आधी, तपासणी नंतर, आणि तपासणी राहिली तरी चालेल.

आजचा लेख त्या तिघांच्या विरोधात आहे. आणि चौथ्याच्याही, म्हणजे माझ्या, कारण पुढचं एक वर्ष मी त्या तिघांचं ऐकलं.

आता तुम्ही म्हणाल की आम्ही हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये अडकलेली माणसं, आम्हाला अमेरिकेतल्या या डबड्याशी काय देणंघेणं? आहे, थोडं आहे. सर्व्हर स्लो झाला की लॉग न उघडता रॅम वाढवणारी मंडळी आपल्याच मजल्यावर बसतात. मी पण बसतो. पण ते सोडा, ट्रकबद्दल बोलू.

आधी थोडी ओळख. फोर्डने फ्लॅटहेड व्ही-८ इंजिन १९३२ मध्ये आणलं, तेव्हा ते २२१ घन इंचाचं आणि ६५ हॉर्सपॉवरचं होतं. सामान्य माणसाला परवडणाऱ्या गाडीत आठ सिलिंडर ही तेव्हा मोठीच गोष्ट होती. वाढत वाढत ते २३९ घन इंच आणि १०० हॉर्सपॉवरपर्यंत गेलं, एफ-१ ट्रकमध्ये (१९४८ ते १९५२) बसलं आणि अमेरिकेत १९५३ ला निवृत्त झालं. फ्लॅटहेड म्हणायचं कारण असं की यात व्हॉल्व्ह डोक्यात नाहीत, खाली ब्लॉकमध्येच आहेत. वरचं हेड म्हणजे जवळजवळ एक सपाट झाकण.

गंमत इथे सुरू होते. व्हॉल्व्ह दोन्ही ओळींच्या मधल्या खोबणीच्या बाजूला, आणि सायलेन्सरकडे जाणारे पाइप मात्र बाहेरच्या बाजूला. मग जळालेला वायू जाणार कुठून? ब्लॉकच्या पोटातून. सिलिंडरांच्या मधून, पाण्याच्या पोकळीतून आरपार रस्ते काढलेले आहेत. प्रत्येक बाजूला सिलिंडर चार पण बाहेर पडायची दारं तीनच, कारण मधल्या दोघांना एकच दार. इतर इंजिनांत जो धगधगता वायू चटकन बाहेरची वाट धरतो, तो इथे आधी कूलंटला भेटून, चहापाणी करून मग जातो. पेट्रोलमधली ऊर्जा ढोबळ मानाने एक तृतीयांश कामाला, एक तृतीयांश पाण्यात आणि एक तृतीयांश एक्झॉस्टमध्ये, असं आपण कॉलेजात शिकलो. फ्लॅटहेडमध्ये तिसऱ्या वाट्यातलाही एक हिस्सा दुसऱ्याच्या गळ्यात पडतो.

म्हणून तिसरा माणूस म्हणाला ते अगदीच खोटं नाही. हे इंजिन पाण्यात जास्त उष्णता टाकतं. पण फोर्डलाही हे माहीत होतं की राव! म्हणून तर त्याला दोन वॉटर पंप आहेत, दोन थर्मोस्टॅट आहेत, दोन होज वर आणि दोन खाली आहेत. प्रत्येक ओळीला आपापलं घर, आपापलं पाणी. हे ट्रक टेक्सासमध्ये, ॲरिझोनामध्ये, याच सॅक्रामेंटोच्या खोऱ्यातल्या शेतांवर वर्षानुवर्षं टोमॅटो वाहून राबले. सगळेच जन्मजात उकळत असते तर शेतकऱ्यांनी घेतले असते का? "ते तापणारच" हे निदान नाही, शोधायचा कंटाळा आला की म्हणायचं वाक्य आहे.

असो. मी काय केलं ते सांगतो, म्हणजे इतरांना नावं ठेवायचा हक्क मिळेल.

ऑगस्ट २०२३ मध्ये ट्रक एका गॅरेजात नेला. जुन्या गाड्यांचं काम करणारं, भिंतीवर फोटोबिटो लावलेलं. मालकाने डॅशबोर्डवरचा काटा बघितला, रेडिएटरला हात लावला आणि म्हणाला, रेडिएटर गेला. नवा ॲल्युमिनियमचा, ८५० डॉलर. सोबत पंपही बदलून टाकू, जुनेच आहेत, ३२०. होज, थर्मोस्टॅट, कूलंट मिळून १८०. बिल भरलं. सप्टेंबरात पुन्हा कोलफॅक्सचा चढ, पुन्हा वाफ, जवळजवळ तोच मैलाचा दगड. मग म्हणाला, हेड गॅस्केट असणार. डिसेंबरात हेड उघडली, मजुरीसकट १६००. एक गोष्ट मात्र त्याने बरी केली, हेड उघडलीच आहेत तर ब्लॉकला तडे आहेत का ते तपासून दिलं. एकही नाही. हे वाक्य लक्षात ठेवा, शेवटी लागेल.

जून २०२४. पुन्हा चढ. पुन्हा वाफ. एकूण खर्च २९५० डॉलर, आणि उकळायची जागा बदलली असेल तर दोनशे मीटरने.

आता त्याचा सल्ला होता, सहा व्होल्टची सगळी सिस्टिम काढून बारा व्होल्ट करू आणि इलेक्ट्रिक पंखा बसवू. ११०० डॉलर. तिथे माझ्यातला इंजिनिअर एकदाचा जागा झाला. (पगाराला जागा झाला असंही म्हणता येईल.) कारण पंख्याचं काम असतं गाडी उभी असताना किंवा रांगत असताना. ताशी ७० किलोमीटरने पळणाऱ्या गाडीच्या रेडिएटरमधून वारा आपोआपच जातो. माझा ट्रक सिग्नलला दहा दहा मिनिटं उभा राहून तापत नव्हता. तो पळताना, चढावर, वजन ओढताना तापत होता. म्हणजे पंख्याचा संबंध फारसा नाही. हे कळायला हत्यारं लागत नाहीत, एक प्रश्न लागतो. एक वर्ष आणि तीन हजार डॉलर गेले तरी तो प्रश्न ना त्याने विचारला, ना मी.

त्या रात्री बाबांना फोन केला. बाबांचं उत्तर तयार होतं.

"अरे थर्मोस्टॅट काढून टाक. आपल्या पद्मिनीचा मेकॅनिकने पहिल्याच वर्षी काढून फेकला होता. काही त्रास नाही झाला."

"बाबा, पण कात्रजला आपण दर वेळी थांबायचो. तुम्ही बाटलीने पाणी ओतायचात."

"ते तर सगळेच थांबायचे."

बघा! पुण्याचा मेकॅनिक आणि कोलफॅक्सचा तो दुसरा माणूस, जन्मात एकमेकांना भेटलेले नाहीत, आणि अंधश्रद्धा मात्र एकच.

थर्मोस्टॅटचं जरा सविस्तर घेऊ, कारण या विषयावर दोन्ही देशांत जेवढी बडबड होते तेवढी क्वचितच कशावर होत असेल. थर्मोस्टॅट काय करतो? इंजिन गार असताना पाणी रेडिएटरकडे जाऊ देत नाही, ठरलेल्या तापमानाला (साधारण ७१ किंवा ८२ डिग्रीचे मिळतात) उघडतो. पूर्ण उघडला की त्याचं काम संपलं. जो थर्मोस्टॅट उघडतो तो तुमची गाडी उकळवू शकत नाही, आणि जो उघडत नाही तो बदलायचा असतो, कायमचा काढायचा नसतो. काढला तर थंडीत इंजिन गरमच होत नाही, पेट्रोल जास्त खातं, तेलात पाणी साचतं. आणि चढावर जर उष्णता मुळातच जास्त तयार होत असेल, तर दार उघडं असून काय फायदा? पाहुणे दारापेक्षा जास्त आहेत.

याच्या बरोबर उलटं म्हणणारा दुसरा पंथ आहे. तो म्हणतो, थर्मोस्टॅट काढू नका, कारण मग पाणी इतक्या जोरात फिरतं की रेडिएटरमध्ये त्याला गार व्हायला "वेळच मिळत नाही". चांगले शिकलेले लोक हे म्हणतात. अहो, तेच पाणी गोल गोल फिरतंय! रेडिएटरमध्ये जास्त वेळ थांबवलंत तर इंजिनमध्येही जास्त वेळ थांबणार, तिथे जास्त तापणार. जोरात फिरणारं पाणी एकूण जास्तच उष्णता बाहेर टाकतं. हीट ट्रान्सफरचा पेपर पास झालेल्या माणसाने हे वाक्य उच्चारलं तर डिग्री परत घ्यावी :)

पण (आणि हा पण महत्त्वाचा आहे) या लोकांनी पाहिलेलं खोटं नसतं. थर्मोस्टॅट काढलेल्या जुन्या फ्लॅटहेडमध्ये वेगात पाणी कमी होतं, गाडी तापते, हे खरंच घडतं. कारण वेगळं आहे. दोन दोन पंप मोकाट सुटले की वरच्या टाकीत पाणी खालून निचरा होण्यापेक्षा जोरात येऊन साचतं आणि ओव्हरफ्लोच्या नळीतून रस्त्यावर जातं. पाणीच कमी झालं की गाडी तापणारच. म्हणून जुने लोक होजमध्ये भोकाचे वॉशर घालून प्रवाह अडवायचे, आणि त्याचा उपयोगही व्हायचा. निरीक्षण बरोबर, उपाय बरोबर, कारण साफ चूक. आणि चुकीच्या कारणाची अडचण ही की पुढच्या वेळी ते तुम्हाला भलत्याच दुकानात घेऊन जातं.

तर जुलै २०२४ मध्ये मी एकही पार्ट विकत घ्यायचा नाही असं ठरवून मोजायला बसलो.

पहिला धक्का डॅशबोर्डने दिला. या फोर्डच्या तापमानाच्या काट्याची वायरिंग अशी आहे की करंट मिळाला नाही की काटा "गरम" कडे जातो. चावी बंद केली तरी काटा गरमवर! म्हणजे एखादी वायर सैल असली, अर्थिंग गंजलेलं असलं, की इंजिन बर्फात ठेवलं तरी काटा ओरडणार. गॅरेजवाल्याने ज्या काट्याकडे बघून रेडिएटर गेला म्हणून सांगितलं तो काटा असा. माझा ट्रक खरोखर उकळत होता हे वेगळं, पण कितीतरी लोकांनी निव्वळ एका गंजलेल्या वायरीपायी रेडिएटर बदलले असतील, देव जाणे.

मग २५ डॉलरची इन्फ्रारेड गन आणली. शनिवारी पहाटे निघायचं, चढ गाठायचा, उकळायच्या आधी थांबायचं आणि बॉनेट उघडून धडाधड आकडे लिहायचे. डावं हेड, उजवं हेड, वरचे दोन होज, खालचे दोन. दोन्ही बाजू दोन-तीन डिग्रीच्या फरकाने सारख्या. म्हणजे एकाच बाजूचा पंप, एकाच बाजूचा थर्मोस्टॅट किंवा ब्लॉकमध्ये एका बाजूला साचलेला गाळ, सगळे सुटले. (गाळाचा संशय वाजवी असतो. या ब्लॉकांमध्ये कास्टिंगच्या वेळची वाळू आणि तारा सत्तर वर्षांनी निघतात.) रेडिएटरमध्ये शिरणारं आणि निघणारं पाणी यांत चांगला फरक, म्हणजे रेडिएटर आपलं काम करतोय. जुना रेडिएटर मी फेकला नव्हता. तो एका रेडिएटरवाल्याकडे नेऊन टाकी उघडवली. आतल्या नळ्या जवळजवळ स्वच्छ. ८५० डॉलरला रामराम.

थर्मोस्टॅट स्वयंपाकघरात तपासले. पातेल्यात पाणी, दोऱ्याला टांगलेला थर्मोस्टॅट आणि एक थर्मामीटर. बायकोने विचारलं, हे काय चहाच्या पातेल्यात? मी म्हटलं, युनिट टेस्टिंग. ते पातेलं आता माझं आहे. पण सांगायची गोष्ट अशी की मी जादा म्हणून घेतलेल्या तीन नव्याकोऱ्या थर्मोस्टॅटपैकी एक नव्वदीच्या पुढे जाईपर्यंत उघडलाच नाही. खोक्यातून आत्ता काढलेला! नवा म्हणजे चांगला, असं आपण धरून चालतो. नवा म्हणजे फक्त न तपासलेला.

हेड गॅस्केटसाठी निळं द्रव घातलेली चाचणी असते. रेडिएटरच्या तोंडावर धरायची, पाण्यात ज्वलनाचा वायू येत असेल तर निळ्याचं पिवळं होतं. निळंच राहिलं. म्हणजे कूलिंगमध्ये काहीच बिघडलेलं नव्हतं. उष्णता बाहेर टाकणारं सगळं ठीक होतं. मग एकच शक्यता उरते: उष्णता तयारच जास्त होत होती.

इथे टायमिंग लाइट आला. सहा व्होल्टच्या आणि पॉझिटिव्ह अर्थच्या गाडीवर आजचा टायमिंग लाइट सरळ चालत नाही, त्याला बाजूला वेगळी बारा व्होल्टची बॅटरी लागते. होंडाची काढून आणली. आयडलला खूण जागेवर. रेस दिली. खूण जागेवर. आणखी रेस दिली. खूण ढिम्म हलेना.

हलायला हवी होती. वेग वाढला की ठिणगी लवकर पडायला हवी, नाहीतर मिश्रण पिस्टन खाली निघाल्यावर जळत राहतं. त्यातलं काम कमी मिळतं आणि उरलेली आग एक्झॉस्टच्या रस्त्याने निघते. आणि फ्लॅटहेडमध्ये एक्झॉस्टचा रस्ता कुठून जातो? पाण्यातून. आग लागली होती इग्निशनला, आणि मी बंब पाठवत होतो रेडिएटरकडे. आपल्या म्हणी काही उगाच नाहीत.

ठिणगी पुढे का सरकत नव्हती, ते कळल्यावर तर स्वतःचंच हसू आलं. या काळातल्या फोर्डचा डिस्ट्रिब्युटर, लोडोमॅटिक म्हणतात त्याला, वेगाने फिरणाऱ्या वजनांवर चालत नाही. त्यात वजनंच नाहीत. तो पूर्णपणे व्हॅक्यूमवर चालतो, आणि तो व्हॅक्यूम त्याला कार्बोरेटरमधल्या खास भोकातून एका बारीक नळीने मिळतो. वेग आणि भार, दोन्हींचा निरोप त्या एका नळीतून. माझ्या ट्रकच्या आधीच्या मालकाने मूळ कार्बोरेटर काढून छान चकचकीत स्ट्रॉमबर्ग ९७ बसवला होता. तो कार्बोरेटर मुळात १९३६ ते १९३८ च्या फोर्डचा, आणि त्या काळच्या डिस्ट्रिब्युटरला वजनं होती. त्यामुळे ९७ मध्ये ते खास भोक नाहीच. मग डिस्ट्रिब्युटरच्या नळीचं मालकाने काय केलं? एक स्क्रू घालून बंद केली.

तो स्क्रू मी ट्रक घेतल्यापासून रोज बघत होतो. गॅरेजवालाही बघत होता. दीड वर्ष!

आता माझा खरा राग कोणावर आहे ते सांगतो. आधीच्या मालकावर नाही, त्याला दिसायला सुंदर वस्तू हवी होती, ठीक आहे. राग आहे त्या जाहिरातींवर ज्यांत लिहिलेलं असतं, "१९३२ ते १९५३ सर्व फ्लॅटहेडना बसतो". बसतो हो. तीन बोल्टांचा पाया तोच, बोल्ट घट्ट होतात, गाडी सुरूही होते. फंक्शनची सिग्नेचर जुळली म्हणून कोड बरोबर होतो का? जुन्या गाड्यांच्या पार्टच्या बाजारात "बसतो" आणि "चालतो" यांतला फरक कोणी सांगत नाही, कारण "बसतो" यावर माल विकला जातो.

आणि खरं तर शोधायची सोय फोर्डने स्वतःच करून ठेवलेली आहे. त्यांच्या पार्ट नंबरात मधला आकडा म्हणजे वस्तू. ८५०१ म्हणजे वॉटर पंप, ८५७५ म्हणजे थर्मोस्टॅट, ८००५ म्हणजे रेडिएटर, ६०५१ म्हणजे हेड गॅस्केट. पुढची अक्षरं सांगतात ती वस्तू कोणासाठी: ८बीए कारच्या घराण्याची, ८आरटी ट्रकच्या. डेटाबेसवाल्यांना हे बघून आनंदाश्रू येतील. मधला आकडा बघून माल घेतलात तर वस्तू मिळेल, पुढचा भाग बघून घेतलात तर तुमची वस्तू मिळेल. हेड गॅस्केटचंच बघा. १९४८ पर्यंतच्या कारच्या हेडवर पाणी मधोमधून बाहेर पडतं, ८बीएला पुढच्या टोकाला. गॅस्केटमधली पाण्याची भोकं त्याप्रमाणे वेगळी. चुकीचं गॅस्केट घातलंत तर अर्धे रस्ते बंद, आणि मग आहेच, "फ्लॅटहेड तापणारच".

झाकणाचंही तसंच. दुकानदाराने मला प्रेमाने आजच्या गाडीचं १३ पौंडांचं झाकण दिलं होतं. दाब वाढला की पाणी उशिरा उकळतं, एका पौंडाला साधारण दीड डिग्री, हे खरं. पण १९५१ च्या पंपाची सीलं आणि डाग दिलेले जोड त्या दाबासाठी बनलेलेच नाहीत. आठवड्यात पंप गळायला लागला. म्हणजे पुन्हा नवा पंप. धंदा बघा किती छान चालतो.

योग्य कार्बोरेटर मिळायला सहा महिने गेले. शोधत होतो होली, पायाशी ते व्हॅक्यूमचं भोक असलेला, आणि ते भोक कोणी बुजवलेलं नसलेला. जानेवारी २०२५ मध्ये टर्लॉकच्या स्वॅप मीटला गेलो. पुण्याचा जुना बाजार आठवा, त्यातून कपडे आणि चपला वजा करा, धुकं आणि डोनट मिळवा. तिसऱ्या गल्लीत एका आजोबांकडे केळ्याच्या खोक्यात पाच कार्बोरेटर होते. मी टॉर्च मारून एकेकाचं बूड बघायला लागलो तसे आजोबा म्हणाले, "भोक बघतोयस ना? बाकीचे चमक बघतात." ६० डॉलरला दिला. ४० डॉलरचं किट घालून खोलून, धुऊन, जोडून बसवला. स्क्रू काढला, नळी जोडली. टायमिंग लाइट लावला, रेस दिली, आणि खूण सरकली. मी गॅरेजमध्ये एकटाच टाळ्या वाजवत होतो.

जून २०२५ मध्ये ३८ डिग्रीला कोलफॅक्स गाठलं. पाणी उकळलं नाही. बंदूक घेऊन उतरलो, हेड ८७.

आता काही वाचक म्हणतील की अरे, पण सत्तर वर्षांचा रेडिएटर बदलला तर बिघडलं काय? कितीतरी ट्रकांत दोष खरोखर रेडिएटरचाच असतो. असतो, मान्य. मी रेडिएटर बदलण्याच्या विरोधात नाही. न मोजता बदलण्याच्या विरोधात आहे. आणि "बिघडलं काय" याला माझ्याकडे उत्तर आहे, दुर्दैवाने.

या इंजिनाचे ब्लॉक फोर्डने अमेरिकेत १९५३ नंतर ट्रकसाठी ओतलेले नाहीत. जे आहेत ते आहेत. फ्लॅटहेडच्या ब्लॉकला उकळण्याचा सगळ्यात मोठा धोका म्हणजे तडा, आणि तो जातो कुठे, तर एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या बैठकीपासून सिलिंडरकडे, म्हणजे जिथे सगळ्यात जास्त धग आणि सगळ्यात कमी लोखंड. बोल्टाच्या भोकापासून पाण्याच्या भोकापर्यंतचे बारके तडे पुष्कळदा निरुपद्रवी असतात. व्हॉल्व्हपासून सिलिंडरकडचे नसतात. प्रत्येक चुकीचा पार्ट बसवल्यावर "बघू आता" म्हणत मी तो ट्रक पुन्हा त्याच चढावर नेला आणि पुन्हा उकळवला. गॅरेजवाल्यासाठी प्रत्येक फेरी म्हणजे एक बिल होतं. ब्लॉकसाठी प्रत्येक फेरी म्हणजे एक भाजणं.

आणि मग तो तिसरा माणूस विजयी मुद्रेने परत येतो, बघ, ब्लॉक गेला, आता टाक ३५०. असे किती चांगले ब्लॉक भंगारात गेले असतील, ज्यांचा गुन्हा एक बुजवलेली नळी एवढाच होता!

ऑगस्ट २०२५ मध्ये माझं कूलंट हळूहळू कमी व्हायला लागलं. बाहेर गळती नाही, तापमान उत्तम, पण दोन आठवड्यांत ग्लासभर गायब. डावं हेड काढलं. डिसेंबर २०२३ ला जिथे स्वच्छ लोखंड होतं तिथे, मधल्या दोन सिलिंडरांच्या एक्झॉस्टपाशी, केसाएवढी रेघ. व्हॉल्व्हच्या बैठकीपासून निघालेली. अजून सिलिंडरच्या भिंतीपर्यंत पोचलेली नाही, चार-पाच मिलिमीटर बाकी आहेत.

पिन घालून तडा शिवणारा एक माणूस स्टॉकटनजवळ आहे, त्याची पुढची तारीख दीड महिन्यानंतरची मिळाली आहे. तोवर हेड उघडंच आहे, ब्लॉकला तेलाचा हात मारून वर जुनी चादर टाकली आहे. रेघेच्या टोकाला खिळ्याने एक बारीक खूण केली आहे आणि फोटोवर तारीख घातली आहे.